अख्खी लहान कोंबडी घरच्या ओव्हनमध्ये: कॉर्निश गेम हेन पुण्यात कशी करावी?

वाटणघाटण, २ डिसेंबर

नमस्कार. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्या बाबांची पंचाहत्तरी आहे. काही वर्षांपूर्वी आई-बाबा भावाकडे शिकागोला गेले असताना त्याने घरी कॉर्निश गेम हेन केल्या होत्या आणि प्रत्येकाच्या ताटात एकेक अख्खा भाजलेला पक्षी वाढला होता. बाबा त्या जेवणाची आठवण अजून काढतात. त्यांच्या लहानपणी आठ भावंडांत मिळून एक कोंबडी शिजायची आणि तंगडी कोणाच्या वाट्याला जायची हे आजी ठरवायची, त्यामुळे सबंध पक्षी आपल्या एकट्याच्या ताटात यावा याचे त्यांना फार अप्रूप वाटले होते. तेच जेवण त्यांना इथे सहकारनगरच्या घरी, सहा जणांच्या पंगतीत वाढायचे, असे मी ठरवले आहे.

गेल्या रविवारी रंगीत तालीम म्हणून नेहमीच्या दुकानातून साधारण ८०० ग्रॅमच्या दोन अख्ख्या कोंबड्या आणल्या. दुकानदाराने रिवाजाप्रमाणे कातडी सोलून दिली. मी त्यांना दही, आले-लसूण, हळद आणि तिखट लावून रात्रभर ठेवले आणि दुसऱ्या दिवशी ओटीजीमध्ये (घरगुती विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) १८० अंशांवर तासभर भाजले. छातीचे मांस दाताखाली भुसा यावा इतके कोरडे झाले, आणि मांडीचा सांधा उकलला तर हाडालगत गडद लाल रंग दिसला. आईने ते कच्चे आहे असे म्हणून बाजूला सारले. शेवटी तुकडे करून कुकरमध्ये रस्सा केला.

एकच पक्षी एकीकडे वाळलेला आणि दुसरीकडे कच्चा कसा राहतो, हे मला कळत नाही. ही कॉर्निश गेम हेन म्हणजे नेमका कोणता पक्षी, तो पुण्यात कोणत्या नावाने मागायचा, आणि आपल्या घरगुती ओव्हनमध्ये तो कसा भाजायचा, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

पक्षीपाळ, २ डिसेंबर

मी शिरूर भागात बरीच वर्षे कुक्कुटपालनाचा व्यवसाय केला आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देतो.

नावात ‘गेम’ असले तरी हा शिकारीचा पक्षी नाही, आणि ‘हेन’ असले तरी ती मादीच असते असे नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या व्याख्येनुसार पाच आठवड्यांपेक्षा कमी वयाचे, साफ केल्यावर दोन पौंडांपेक्षा म्हणजे सुमारे ९०० ग्रॅमपेक्षा जास्त न भरणारे, नर किंवा मादी असे कोणतेही कोवळे कोंबडीचे पिलू या नावाने विकता येते. थोडक्यात ती लवकर कापलेली ब्रॉयलर कोंबडी आहे.

‘कॉर्निश’ या शब्दाचा इतिहास मात्र आपल्या जिव्हाळ्याचा आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात भारतातून नेलेल्या असील कोंबड्यांचा तिथल्या झुंजीच्या कोंबड्यांशी आणि मलय जातीशी संकर करण्यात आला. इंग्लंडमध्ये या जातीला आजही ‘इंडियन गेम’ असेच म्हणतात. झुंजीसाठी ती विशेष उपयोगाची ठरली नाही, पण रुंद छाती आणि भरदार मांड्या यांमुळे मांसासाठी तिचे महत्त्व वाढले. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात जॅक आणि अल्फोन्सिन मॅकॉव्स्की या दांपत्याने कॉर्निश आणि प्लिमथ रॉक या जातींच्या संकरातून एकट्या माणसाच्या ताटात बसेल असा लहान पक्षी बाजारात आणला आणि त्यातून हे नाव रूढ झाले. आज आपण चिकन म्हणून जे खातो त्या ब्रॉयलरच्या घराण्यातही नराच्या बाजूने कॉर्निश आणि मादीच्या बाजूने प्लिमथ रॉक हेच रक्त आहे. त्यामुळे तुम्हाला परदेशी गोठवलेला पक्षी शोधण्याची काहीही गरज नाही. चार आठवड्यांच्या आसपासचा ब्रॉयलर तुम्ही घेतलात की तुमच्या भावाने वाढला होता तोच पक्षी तुमच्या हाती आला.

मुळामुठा, ३ डिसेंबर

गावरान कोंबडी याच पद्धतीने भाजली तर चालेल का? चवीला ती उजवी असते.

पक्षीपाळ, ३ डिसेंबर

नाही. आकाराने लहान दिसली तरी गावरान कोंबडी कापली जाते तेव्हा कित्येक महिन्यांची असते. तिचे स्नायू भरपूर वापरलेले असतात आणि त्यांना मंद आचेवर, पाण्यात, पुष्कळ वेळ शिजावे लागते. तिचा रस्साच करावा. कोरड्या आचेवर ती चिवट होईल.

कॅम्पातला, ३ डिसेंबर

दुकानात काय मागायचे ते मी सांगतो. ‘कॉर्निश हेन’ म्हटल्यावर कोणाला काही कळणार नाही, पण ‘तंदूरच्या मापाची’ म्हटले की चिकनवाल्याला तत्काळ कळते, कारण हॉटेलांना तंदुरी चिकनसाठी हाच लहान पक्षी लागतो. साफ केल्यावर कातडीसकट जिवंत वजनाच्या साधारण ७० टक्के वजन उरते, म्हणून ७५० ग्रॅमचा पक्षी हवा असेल तर जिवंत वजन १ किलो १०० ग्रॅमच्या आत-बाहेर सांगावे.

खरी अडचण कातडीची असते. पुण्यातील बहुतेक दुकानांत पिसे आणि कातडी एकदमच ओढून काढतात, कारण ते काम मिनिटभरात होते. कातडी राखायची तर पक्षी गरम पाण्यात बुडवून पिसे उपटावी लागतात. ज्यांच्याकडे त्यासाठी फिरत्या पिंपाचे यंत्र आहे तेच हे काम नीट करतात. म्हणून एक दिवस आधी जाऊन सांगावे आणि गर्दी नसलेल्या वारी, सकाळी लवकर घ्यायला जावे. मी कॅम्पातील शिवाजी मार्केटमधून आणतो. सांगताना पुढील शब्द वापरावेत: ‘तंदूरची, अख्खी, कातडीसकट, पिसे गरम पाण्यात काढून, पोट खालून उघडून, छातीला चीर न देता.’ शेवटची गोष्ट विसरू नये. तंदूरची कोंबडी म्हटली की सवयीने छातीवर आणि मांड्यांवर सुरीचे घाव घातले जातात आणि मग सगळा रस त्या चिरांतून निघून जातो.

घरी आणल्यावर पक्षी लगेच मिठात घालू नये, आधी उजेडात धरून पाहावा. पोटात बोट घालून पाठीच्या कण्यालगत चाचपले की फासळ्यांच्या खाचांत रुतलेले फुप्फुसाचे गुलाबी, स्पंजासारखे तुकडे लागतात. ते नखाने किंवा चमच्याच्या टोकाने खरवडून काढावेत, कारण भाजल्यावर त्यांचाच उग्र वास येतो. मानेच्या बाजूने श्वासनलिका आणि अन्नाच्या पिशवीचा पडदा राहिलेला असतो, तो ओढून काढावा. शेपटाच्या बुंध्यावर दोन मसुराएवढ्या पिवळट तेलाच्या ग्रंथी असतात, त्या कापून टाकाव्यात. पंखांखाली आणि मांडीच्या मागे पिसांची खुंटे हमखास उरतात. पक्षी चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवरून भरभर फिरवला की बारीक लव जळून जाते, आणि जाड खुंटे भुवया कोरायच्या चिमट्याने उपटता येतात. दोन पक्ष्यांना या कामासाठी अर्धा तास तरी लागतो आणि तो अर्धा तास वाचवू नये.

वाटणघाटण, ३ डिसेंबर

पक्षीपाळ काका आणि कॅम्पातला, दोघांचेही मनापासून आभार. कातडी सोललेली होती हीच पहिली चूक झाली हे लक्षात आले. आता धुण्याबद्दल विचारते. कोंबडी नळाखाली धुऊ नये असे अलीकडे सगळीकडे सांगतात, पण न धुता शिजवणे आमच्या आईला पटणार नाही. मीठ किती लावावे आणि दही का टाळावे, हेही कोणी सांगेल का?

दवबिंदू, ४ डिसेंबर

ताई, मी ही कोंबडी दर वर्षी नाताळाला करते, त्यामुळे सगळा क्रम सांगते.

नळाच्या धारेखाली धुऊ नये हे बरोबर आहे, कारण शिंतोड्यांबरोबर कच्च्या मांसावरचे जंतू ओट्यावर, भांड्यांवर आणि शेजारी ठेवलेल्या कोशिंबिरीवर जातात. आपल्या दुकानांतून आणलेल्या पक्ष्याला रक्त आणि कचरा लागलेला असतो हेही खरे आहे. मी खोल पातेल्यात पाणी घेऊन पक्षी त्यात बुडवून अलगद हलवते, पाणी हळूच मोरीत ओतते, आणि नंतर पातेले, मोरी आणि हात साबणाने धुते. त्यानंतर जुन्या स्वच्छ सुती कापडाने किंवा कागदी रुमालाने पक्षी आतून-बाहेरून पूर्ण टिपून घ्यावा.

लहान पक्ष्याची मुख्य अडचण अशी की तो लवकर शिजतो. मोठ्या कोंबडीची कातडी दीड तासात निवांत लालसर होते, पण हा पक्षी ५० मिनिटांत आतून तयार होतो आणि तेवढ्या वेळात कातडीला रंग यायचा असेल तर ती आधीच कोरडी असायला हवी आणि आच तेज असायला हवी. ओल्या कातडीवरचे पाणी उडून जाईपर्यंत ती तांबूस होतच नाही. म्हणून तुमचे १८० अंश कमी पडले आणि तास जास्त झाला. दही बाहेरून ओलावा धरून ठेवते, तंदूरच्या भट्टीत ते खपून जाते, घरच्या ओव्हनमध्ये खपत नाही. लिंबाचा रसही रात्रभर लावू नये, त्याने वरचा थर पिठूळ होतो.

मी फक्त मीठ लावते. वजनाच्या सव्वा टक्का, म्हणजे ७५० ग्रॅमच्या पक्ष्याला ९ ते १० ग्रॅम, साधारण दीड चहाचा चमचा सपाट भरून बारीक मीठ, त्यातले थोडे पोटात आणि उरलेले छातीवर व मांड्यांवर चोळायचे. मग जाळीवर ठेवून, खाली ताट ठेवून, झाकण न लावता फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवायचे. मीठ आधी पाणी ओढून घेते, मग तेच खारे पाणी मांसात परत मुरते, आणि असे मुरलेले मांस भाजताना रस धरून ठेवते. सकाळी कातडी हाताला कागदासारखी कोरडी लागते. ती तशी लागली की अर्धे काम झाले असे समजावे.

भाजण्याआधी पाऊण तास पक्षी बाहेर काढावा. कोथिंबीर, चार हिरव्या मिरच्या, आठ लसूण पाकळ्या, इंचभर आले आणि एका लिंबाची किसलेली साल यांचे घट्ट, पाणी न घालता वाटलेले हिरवे वाटण ६० ग्रॅम लोण्यात कालवून घ्यावे. हे प्रमाण दोन पक्ष्यांना पुरते. छातीच्या टोकाशी कातडीखाली बोट सरकवले की ती सहज सुटते. हे लोणी त्या पोकळीत भरावे आणि वरून तळव्याने सारखे पसरावे. वाटण कातडीच्या वर लावले तर लसूण जळून कडू होतो, खाली लावले की तो लोण्यात शिजतो. वरून फक्त तूप. घरचे पांढरे लोणी वापरायला हरकत नाही, पण त्यातले ताक पूर्ण निथळलेले असावे.

पोटात भात किंवा खिमा भरू नये, कारण ते सारण आतपर्यंत तापेस्तोवर छाती वाळून जाते. अर्धे लिंबू आणि कोथिंबिरीच्या काड्या पुरेत. पंखांची टोके मानेमागे मुडपावीत आणि दोन्ही तंगड्या सुती दोऱ्याने एकत्र बांधाव्यात. नायलॉनचा दोरा वितळतो, तो अजिबात वापरू नये. ओटीजी वरची आणि खालची अशा दोन्ही तापणाऱ्या दांड्या लावून २२० अंशांवर पूर्ण २० मिनिटे तापवावा. पक्षी जाळीवर, छाती वर करून, पाय आतल्या बाजूला करून ठेवावा. ४५ ते ५५ मिनिटे लागतात. ३५ मिनिटांनंतर लक्ष ठेवावे, आणि बाहेर काढल्यावर दहा मिनिटे हात लावू नये.

कोथरूडकर, ४ डिसेंबर

पद्धत उत्तम आहे. शिजल्याची खूण म्हणून मी मांडीत सुरी खुपसून पाहतो. पाणी स्वच्छ निघाले आणि हाडाजवळ लाल राहिले नाही की झाले. आमच्या घरी वर्षानुवर्षे हेच चालत आले आहे आणि त्यासाठी थर्मामीटरसारख्या यंत्राची गरज भासलेली नाही. वाटणघाटण ताईंचा पक्षी हाडाजवळ लाल होता, म्हणजे तो कच्चाच होता असे माझे मत आहे.

पक्षीपाळ, ५ डिसेंबर

कोथरूडकर, आपल्या अनुभवाचा मान राखून मी असहमती नोंदवतो, कारण याच एका समजुतीपायी लहान कोंबड्या घरोघर वाळवल्या जातात.

चार आठवड्यांच्या पिलाची हाडे पुरती कठीण झालेली नसतात, त्यांत चुना कमी असतो आणि ती सच्छिद्र असतात. भाजताना हाडातील मगजाचा लाल रंग त्या छिद्रांतून बाहेर झिरपतो आणि हाडालगतच्या मांसावर पसरतो. पक्षी गोठवलेला असेल तर हा रंग आणखी गडद, काळपट होतो, कारण गोठल्याने मगजातील पेशी फुटतात. मांस पूर्ण शिजल्यावरही तो रंग तसाच राहतो. जुन्या गावरान कोंबडीची हाडे पक्की असतात म्हणून तिच्यात हे दिसत नाही आणि आपल्या घरातील खूण त्या कोंबडीवरून ठरलेली आहे. उलट स्वच्छ पाणी निघाले म्हणजे शिजले, असेही खात्रीने म्हणता येत नाही.

म्हणून खूण एकच धरावी. टोकदार दांडीचा स्वयंपाकाचा थर्मामीटर मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसावा आणि तिथे ७४ अंश सेल्सिअस दिसले की पक्षी खाण्यास सुरक्षित झाला. हाडाला टेकला तर आकडा चुकीचा येतो. छातीतही एकदा पाहून घ्यावे. ताईंचा पक्षी तासभर भाजून छातीत भुश्यासारखा कोरडा झाला होता, तेव्हा मांडीतही तो ७४ च्या पुढेच गेला असावा असे मला वाटते. तसे असेल तर आईंना दिसला तो मगजाचा रंग होता.

कोथरूडकर, ५ डिसेंबर

हे मला माहीत नव्हते. हाड सच्छिद्र असल्याचे कारण पटले. थर्मामीटर मागवतो.

मुळामुठा, ६ डिसेंबर

आमच्याकडे ओव्हन नाही. जाड बुडाच्या कढईत होईल का?

दवबिंदू, ६ डिसेंबर

होईल. पक्ष्याचा कणा कात्रीने दोन्ही बाजूंनी कापून काढावा, पक्षी उताणा करून छातीवर तळव्याने दाब द्यावा म्हणजे तो पुस्तकासारखा उघडून सपाट होतो. बिडाच्या तव्यावर किंवा कढईत तूप घालून कातडीची बाजू खाली ठेवावी, वर जड वरवंटा किंवा पाण्याने भरलेले पातेले ठेवावे, आणि मध्यम आचेवर २० ते २५ मिनिटांनी उलटावे. मग झाकण ठेवून दहा-पंधरा मिनिटे. थर्मामीटर इथेही हवाच.

वाटणघाटण, १५ डिसेंबर

सर्वांना नमस्कार. काल दुसरी तालीम केली, तिचा वृत्तांत देते.

कॅम्पातला यांनी सांगितलेले शब्द जसेच्या तसे म्हटले. पहिल्या दुकानात कातडीसकट मिळणार नाही असे सांगितले, दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला बोलावले आणि ७३० व ७६० ग्रॅमचे दोन पक्षी कातडीला एकही चीर न पाडता दिले. फुप्फुसाचे तुकडे खरोखर तिथेच सापडले. इतकी वर्षे कोंबडी शिजवते आहे, पण तुकडे करून आणत असल्यामुळे हे कधी पाहिलेच नव्हते.

मीठ लावून १६ तास फ्रिजमध्ये ठेवले. सकाळी कातडी जवळजवळ पारदर्शक झाली होती आणि खालची पंखाची शीर दिसत होती. आमचा ओटीजी २८ लिटरचा आहे आणि वरची दांडी छातीच्या फार जवळ येते, त्यामुळे २५ व्या मिनिटाला मधला उंचवटा काळा पडू लागला. तेवढ्या भागावर अॅल्युमिनियम फॉइलचा तळहाताएवढा तुकडा ठेवला आणि जाळी एक खाच खाली घेतली. ४२ व्या मिनिटाला मांडीत ६६ अंश होते, ४९ व्या मिनिटाला ७५. लगेच बाहेर काढले.

सुरी लावली तेव्हा कातडी पापडासारखी वाजली. छाती कापल्यावर ताटात रस उतरला आणि त्यात हिरव्या वाटणाचे लोणी मिसळले. मांडीच्या सांध्याशी या वेळीही लाल रंग होता, अगदी मागच्यासारखाच. मी आईला थर्मामीटर खुपसून आकडा दाखवला आणि हाडाचे कारण सांगितले. तिने तेवढ्या भागातले मांस बोटांनी सोडवून पाहिले, ते हाडापासून सहज सुटले, आणि मग तिने ते खाल्ले. कच्च्या मांसाचा तो चिकट, रबरासारखा ताण त्यात नाही, असे तीच म्हणाली.

एक प्रश्न उरला आहे. आमच्या ओटीजीत एका वेळी दोनच पक्षी नीट बसतात, तिसरा घातला की ते एकमेकांना चिकटतात आणि त्या बाजूंना रंग येत नाही. पंगत सहा जणांची आहे.

दवबिंदू, १५ डिसेंबर

ताई, वाचून फार आनंद झाला. तीन खेपा कराव्या लागतील, पण सगळ्यांना एकदम गरम वाढता येईल. पहिल्या दोन खेपांतले चार पक्षी ७४ अंशांना काढून जाळीवर उघडे ठेवा, झाकू नका, झाकले की वाफेने कातडी मऊ पडते. तिसरी खेप निघाली की ओव्हन २३० अंशांवर करून आधीचे पक्षी दोन-दोन करून पाच-सहा मिनिटे आत ठेवा. कातडी पुन्हा कुरकुरीत होते आणि आत मांस वाळत नाही. पहिल्या खेपेचा पक्षी वाढेपर्यंत दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहणार नाही, अशा बेताने सुरुवात करा.

वाटणघाटण, १५ डिसेंबर

म्हणजे साडेआठला पाने घ्यायची तर पहिली खेप पावणेसहाच्या सुमारास आत गेली पाहिजे. बाबांचा पक्षी तिसऱ्या खेपेत ठेवते, म्हणजे त्यांच्या ताटात तो पुन्हा तापवलेला येणार नाही. कालची हाडे आणि कापलेले कणे मिरी-तमालपत्र घालून कुकरला लावले आहेत, उद्या त्याचा पांढरा रस्सा करणार आहे.

कॅम्पातला, १६ डिसेंबर

सहा पक्षी एकाच मापाचे हवे असतील तर दुकानदाराला निदान तीन दिवस आधी सांगा आणि ७०० ते ७५० ग्रॅमच्या आतलेच घ्या. वजनात १५० ग्रॅमचा फरक पडला तरी एकाच खेपेतला एक पक्षी तयार होतो आणि दुसरा मागे राहतो.

वाटणघाटण, १६ डिसेंबर

नोंद केली. वजनाचा काटा बरोबर नेते.